जामिनावरची झाडं

पेशकारांनी मला ऐकवलेलं पहिलं वाक्य होतं, "उशीर झाला." त्याआधी मी त्या माणसाला कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

आईचा खोकला काही केल्या हटत नव्हता. शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं, औश्याच्या पुढं निलंग्याच्या रस्त्याला एका फाट्यावर उतर, तिथं कोर्टातून रिटायर झालेल्या पेशकारांचं औषधी झाडांचं शेत आहे, अडुळशाची पानं घेऊन ये. म्हणून रविवारी एस.टी.नं गेले. बाभळीच्या काट्यांचं कुंपण, त्याला पत्र्याचं फाटक आणि फाटकात एक उंच, वाळका म्हातारा. खाली धोतर, वर काळा कोट. कोटाच्या बाह्या कोपरापाशी कापलेल्या.

"उशीर झाला. ऊन चढलं. आता काय खुरपणार तुमी?"

मी म्हटलं, "मी खुरपायला नाही आले. आईला खोकला आहे, अडुळसा हवा होता."

"डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवलं."

"औषध चालू हाय?"

"आहे."

"मग पानं कशाला?"

पेशकारांनी मला आत नेलं, अडुळसा दाखवला. "हा अडुळसा. नीट बघून घ्या. हात लावायचा न्हाई." मग माझ्या हातात खुरपं दिलं. "आलाच हाता तर तेवढी गवताची वळ काढून जावा."

मी शाळेत चाळीस पोरींना एका नजरेत गप्प बसवणारी बाई. पण त्या दिवशी दुपारपर्यंत त्या माणसाच्या शेतात गवत उपटत बसले. घरी गेले ती रिकाम्या हातानं आणि तळव्यावर फोड घेऊन. आईनं विचारलं, "पानं कुठायत?" मी म्हटलं, "बघून आले."

पुढल्या रविवारी मी परत गेले. का गेले, ते मला आजही धड सांगता येत नाही.

लातूर तेव्हा नुकतंच उस्मानाबादेपासून तुटून नवा जिल्हा झालं होतं. कचेऱ्या भाड्याच्या घरांत भरायच्या, पाट्यांचा रंग ओला असायचा, आणि उस्मानाबादेहून बदलून आलेली माणसं खोली शोधत गावभर फिरायची. बँकेतला एक कॅशियर असाच आला होता. घर मिळेना म्हणून बायकोमुलं तिकडंच ठेवलेली. गरीब, हळू बोलणारा माणूस. तोही पायाच्या भेगांसाठी काहीतरी लेप विचारायला म्हणून पेशकारांकडं गेला आणि माझ्यासारखाच अडकला. रविवारी आम्ही दोघं, आणि माझ्या दिवाळीच्या, उन्हाळ्याच्या सुट्टीत बहुतेक मी एकटी. पेशकार आम्हाला 'हंगामी' म्हणायचे. "हंगामी आले का?" असं फाटकातूनच ओरडायचे. हंगामी माणसाला निदान पगार तरी असतो.

पेशकार हा त्यांचा हुद्दा. मुन्सिफाच्या पुढ्यात कागद ठेवायचा, तारखा सांगायच्या, हे त्यांनी निजामाच्या अमलापासून केलेलं. नाव कुणी घेतच नसे. गावातल्या बाया 'आप्पा' म्हणायच्या, बाकी सगळे पेशकार. कोर्ट सुटलं तरी जिभेवरून ते सुटलं नव्हतं. शेतातल्या प्रत्येक गोष्टीची तकरार असायची, प्रत्येक तकरारीला मुद्दई आणि मुद्दाले, म्हणजे वादी आणि प्रतिवादी, असायचे, आणि मुद्दाले बहुतेक वेळा मी असायची.

सकाळी म्हणायचे, पाचोळा ह्या अंगाला पसरा. दुपारी येऊन विचारायचे, कुणी सांगितलं इथं पसरायला? विचारायला गेलं तर, "विचारू नका, करा." केलं तर, "विचारायचं न्हाई का?" कॅशियर एकदा मला म्हणाला, "बाई, मी नोकरीत इतकी बोलणी कधी खाल्ली नाहीत." मी म्हटलं, मग येता कशाला? त्यानं मलाच तो प्रश्न परत केला.

ही झाडं त्यांनी का लावली, हे त्यांना विचारलं की दरवेळी नवं उत्तर. एकदा म्हणाले, जमीन जवारीला नालायक हाय. एकदा म्हणाले, डॉक्टरनं चालायला सांगितलंय. खरं काय ते त्यांच्या वहिनींनी सांगितलं. वहिनी थोरल्या भावाची विधवा. पेशकारांचं लग्न झालेलं नव्हतं, घरात ही दोघंच. वहिनींचं माहेर भालकीकडचं, त्यामुळं रागावल्या की कानडी सुरू व्हायचं.

"रिटायर झाले अन् माझ्या चुलीत नाक खुपसाय लागले," वहिनी म्हणाल्या. "भाजीला मीठ किती, लाकडं किती. मीच म्हनले, भावजी, होग्री तिकडं! शेतात जावा, कायतरी लावा. मला काय ठाव, ह्यो मानूस असलं लावून बसंल, जे खाताबी येत न्हाई."

शेत जेमतेम दोन एकरांचं. सर्पगंधा, शतावरी, पिंपळीचे वेल, हौदाच्या काठाला ब्राह्मी, थंडीत अश्वगंधा. अश्वगंधेची मुळं उपटून, वाळवून त्यांचं पोतं उदगीरच्या एका वैद्याकडं जायचं. तेवढंच. बाकी कुणाला पान मिळायचं नाही. पोटदुखी घेऊन आलेल्याला, मूळव्याध घेऊन आलेल्याला एकच उत्तर: "मी वैद्य न्हाई. मी ठेवणारा हाय." माणूस कळवळत परत जायचा आणि हे त्याच्या पाठीमागं फाटक लावून घ्यायचे. मला वाटायचं, मग ही झाडं ठेवायची तरी कुणासाठी?

एका उन्हाळ्यात मी आईला घेऊन लातूरला डॉक्टरांकडं गेले, तर बाकावर पेशकार बसलेले. अंगावर शाल, डोळे लाल, तापानं फणफणलेले. पहाटेच्या एस.टी.नं इंजेक्शन घ्यायला आले होते.

मी म्हटलं, "अहो, शेतात एवढी गुळवेल आहे. तिचा काढा नाही का घ्यायचा?"

पेशकारांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी भर कोर्टात शिट्टी वाजवली होती.

"एवढी कुठं? वेल एकच हाय. डॉक्टराकडं सुया लई हायत."

आई खोकत खोकत हसली. मला मात्र त्यांना तिथंच हलवावंसं वाटलं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी ते गमतीनं सांगितलं असतं. पण पुढं त्यांच्या ह्या हट्टानं शेतच जायची पाळी आली.

पाऊस एक वर्ष कमी झाला, दुसऱ्या वर्षी झालाच नाही म्हणायचा. लोक म्हणायचे, जिल्हा तोडून आणला, पण पाणी तिकडंच राहिलं. त्या हिवाळ्यात नव्या कचेरीतले एक साहेब जीप घेऊन शेतावर आले. चांगला माणूस होता. नव्या जिल्ह्यात असं काही आहे, हे बघून तो खरोखरच हरखला होता. म्हणाला, "पेशकारसाहेब, इथं बोअर व्हायला पाहिजे. मी तुमच्यासाठी जोरदार शिफारस करतो." कॅशियर आणि मी एकमेकांकडं बघितलं. विहिरीचा तळ आम्ही दोघंही दर रविवारी बघत होतो.

बोलता बोलता साहेबांनी सर्पगंधेचं एक पान खुडलं आणि नाकाशी नेलं.

"हात खाली," पेशकार म्हणाले.

साहेबांना वाटलं थट्टा आहे. ते हसले.

"पान खाली ठेवा अन् फाटकाभायेर व्हा. वहिनी, फाटक उघडा!"

चहा अजून चुलीवर होता. साहेब जीपमध्ये बसले, तोंडावर राग कमी आणि आश्चर्य जास्त. जीप गेल्यावर मी पहिल्यांदा पेशकारांवर ओरडले. "एका पानासाठी बोअर घालवलीत तुम्ही! आता ही सगळी झाडं मरतील, तेव्हा ते एक पान घेऊन बसा!"

ते पडलेलं पान त्यांनी उचललं, कोटाच्या खिशात ठेवलं. "बाई, ओरडून झालं असंल तर तिकडची वळ राहिलीय."

बोअर दुसऱ्या गावाला गेली. साहेबांचं काही चुकलं नाही, मी असते तर मीही हेच केलं असतं.

उन्हाळा लागला आणि गावातला आड आटला. पेशकारांच्या विहिरीत थोडं पाणी होतं. बाया घागरी घेऊन फाटकाशी आल्या. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी भयंकर बोलणार. त्यांनी फाटक सताड उघडलं. म्हणाले, "पाणी न्या. पण घागरीतला एक तांब्या मी दावीन त्या झाडाला घालायचा."

इतपत ठीक होतं. पण तांब्या कसा घालायचा, याचं शिक्षण द्यायला ते स्वतः उभे. बुंध्यावर नको, कडेनं. एकदम नको, हळू. उन्हात रांगेत उभ्या राहिलेल्या बायांचा जीव चालला होता आणि हे सांगत होते, "पुन्हा करा." गंगाबाई नावाची एक तडफदार बाई होती. घरात अंथरुणाला खिळलेली सासू, तीन लेकरं. तिला त्यांनी तीनदा परत बोलावलं. चौथ्यांदा तिनं तांब्या उचलला आणि पेशकारांच्या डोक्यावर ओतला.

"आता बुंध्याला लागलं का कडंला, बघा आप्पा!"

सगळ्या बाया हसल्या. वहिनी तर पदर तोंडाला लावून खाली बसल्या. पेशकार ठिबकत उभे होते. मग वाकून त्यांनी धोतराचा सोगा पिंपळीच्या आळ्यात पिळला.

"फजूल गेलं असतं," म्हणाले.

पाणी वाचवायच्या त्यांच्या एकेक तऱ्हा सांगत बसले तर संपणार नाहीत. शेतावर हात धुवायचे ते ब्राह्मीवर. भांडी राखेनं घासायची, विसळलेलं पाणी शतावरीला. कॅशियर घामाघूम होऊन तोंड धुवायला लागला की हे त्याला खांद्याला धरून दोन पावलं पलीकडं सरकवायचे, म्हणजे त्याच्या तोंडाचं पाणी सर्पगंधेवर पडेल. एवढं करूनही एका सकाळी पोहरा विहिरीत टाकला तो खडकावर वाजला. वर आला तेव्हा त्यात चिखल होता.

त्या दिवशी पेशकार कुणालाच काही बोलले नाहीत. विहिरीच्या काठावर बसून राहिले. मी मुद्दाम पाचोळा चुकीच्या बाजूला पसरला, तरी काही बोलले नाहीत. कॅशियर माझ्या कानाशी म्हणाला, "बाई, हे बोलत होते तेच बरं होतं."

गावाला टँकर सुरू झाला, पण तो माणसांसाठी. झाडांसाठी कोण टँकर देणार? शेवटी वहिनी जेवायला वाढताना म्हणाल्या, "भावजी, गावात घर तिथं आंघूळ हाय. घरटी येक झाड द्या. लोकायच्या सांडपान्यावर जगंल तेवढं जगंल."

पेशकारांचा घास हातात राहिला. "ह्या लोकांना देऊ? पान तोडतील."

"तोडू द्या. आख्खं मरन्यापेक्षा पान गेलेलं बरं."

त्यांनी तो घास परत ताटात ठेवला. मग म्हणाले, "दान न्हाई. जामिनावर देतो. पाऊस पडला की हजर करायचं."

ऊन उतरल्यावर आम्ही झाडं काढायला लागलो. भर उन्हाळ्यात झाड उपटणं म्हणजे पाप, हे ते प्रत्येक झाडापाशी म्हणायचे आणि स्वतःच पहार घालायचे. रॉकेलचे डबे, फुटके माठ, गळक्या बादल्या, जे मिळेल त्यात मुळांच्या मातीसकट एकेक झाड ठेवलं. सगळी काढणं शक्यच नव्हतं. कुठली न्यायची आणि कुठली जागेवर मरू द्यायची, हे त्यांनी एकट्यानं ठरवलं. त्यांचा हात एका झाडाकडं जायचा, थांबायचा, दुसऱ्याकडं जायचा. मी एकदा म्हटलं, "दोन्ही घेऊ." ते म्हणाले, "डबा एकच हाय, बाई." पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली होता.

गावातल्या गल्लीतून बैलगाडी नेली. बायांनी झाडं घेतली. विहीर उघडी ठेवली होती, ते कुणी विसरलं नव्हतं. पेशकारांनी प्रत्येकीला इतकं बजावलं की एकीनं डबा परत गाडीत ठेवला आणि वहिनींनी तो पुन्हा तिच्या दारात नेला. गंगाबाईच्या दारात खाटेवर तिची सासू पडली होती. हाडांचा सापळा, पण डोळे लखलखीत. सर्पगंधेच्या डब्याकडं बोट करून म्हणाली, "हितं ठिव माज्यापाशी. मला दिसंल." गंगाबाईनं डबा खाटेच्या पायाशी ठेवला. मला एक शतावरी मिळाली, कॅशियरला ब्राह्मी. ती शतावरी मी एस.टी.त मांडीवर घेऊन लातूरला आणली, आणि तिच्या काट्यांवरून शेजारच्या प्रवाशाशी भांडले.

उन्हाळाभर पेशकार घरोघरी तपासायला फिरत होते. माझ्याकडंसुद्धा आले. जिना चढून वर आले, शतावरीची माती बोटानं उकरली, म्हणाले, "माती हलकी हाय," आणि पाणीही न पिता परत गेले. घरमालकिणीनं मला विचारलं, हे कोण? मी म्हटलं, माती बघायला आले होते.

मृगाचे दिवस कोरडे गेले. पाऊस आला तो फार उशिरा, पण आला. विहिरीत पाणी आलं तसं पेशकारांनी फर्मान काढलं: रविवारी सगळ्या झाडांची हजेरी. बैलगाडी काढली. पुढं पेशकार, मागं वहिनी, कॅशियर आणि मी.

काही घरांनी आनंदानं झाडं परत दिली. एका घरची शतावरी शेळीनं खाल्ली होती. दोन घरांत नुसते डबे होते. पेशकारांनी ते रिकामे डबेही मागून घेतले. कॅशियरची ब्राह्मी वाळून गेली होती, ते त्यानं सकाळीच हात जोडून सांगितलं होतं, आणि तेव्हापासून पेशकार त्याच्याशी बोलत नव्हते. मग एक बाई म्हणाली, "आप्पा, पिंपळी न्हाई देत मी. पोरीला खोकल्याला गुन आला."

"पानं तोडली?"

"व्हय. लई न्हाई."

"जामीन म्हंजे परत करायचं असतं!"

"तुमचं कोरट तुमच्यापाशी," असं म्हणून तिनं दार ओढून घेतलं.

पुढल्या घरीही तेच. त्याच्या पुढंही. पेशकारांचा आवाज चढत गेला. चौकीवर जातो म्हणाले, तहसिलात जातो म्हणाले. गल्लीतली माणसं बघायला जमली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि हा माणूस झाडांसाठी गावाशी वैर घेऊन बसला होता. मी वहिनींना म्हटलं, "तुम्ही तरी सांगा." वहिनी म्हणाल्या, "मी सांगितलं अन् त्यायनी ऐकलं, असं आजपत्तूर दोनदाच झालंय."

अशा अवतारात आम्ही गंगाबाईच्या दारात पोहोचलो. खाट भिंतीला उभी करून ठेवलेली होती. सर्पगंधा मात्र डब्यातून ओसंडून वाहत होती, फुलांवर आलेली, आमच्या शेतात कधी नव्हती इतकी.

"हजर करा," पेशकार ओरडले.

गंगाबाई बाहेर आली. ती ओरडली नाही.

"ह्ये न्हाई देत मी आप्पा. सासूला इथंच आंघूळ घालत हुते खाटंवर. समदं पानी हेच्यात जात हुतं. रोज इचारायची, आज नवं पान आलं का? गेली ती मागल्या महिन्यात. आता ह्ये तरी ऱ्हाऊ द्या मला."

बैलांनी मान हलवली, घुंगरं वाजली. मला वाटलं, आता हा माणूस जामिनाचं काही बोलला तर मी स्वतः त्याला गाडीतून ढकलून देईन.

पेशकार डब्यापाशी उकिडवे बसले. पानाला हात लावला नाही. डब्याच्या कडेनं बोट घालून बघितलं.

"मुळ्या कोंडल्यात," म्हणाले. "असं ठेवत असत्यात का? डब्यात किती दिवस जगंल? जमीन न्हाई का तुमाला?"

"हाय की. कुठं लावू?"

"पडवीच्या कडंला. सावली हाय. पहार द्या."

गंगाबाईनं पहार आणून दिली. पेशकारांनी काळा कोट काढून माझ्या हातात दिला. तो त्यांनी अंगातून काढलेला मी कधी पाहिला नव्हता. खाली बंडी फाटकी होती. गंगाबाईच्या अंगणात ते स्वतः खड्डा खणायला लागले, आणि खणता खणता तिला बोलत राहिले: माती कसली, डबा कसला, एवढ्या शेंड्या वाढू द्यायच्या असत्यात का. गंगाबाई पदरानं डोळे पुसत होती आणि "व्हय आप्पा, व्हय आप्पा" म्हणत होती. झाड जमिनीत गेल्यावर तिनं तांब्याभर पाणी आणलं आणि कडेनं, हळूहळू ओतलं. तेव्हा मात्र ते काही बोलले नाहीत.

मग पिंपळीवाल्या बाईनं दार उघडलं. "आप्पा, माझं बी बघता का?"

झालं. दिवस कलायला आला तरी पेशकार गल्लीतच. या घरातून त्या घरात, कोपरापर्यंत चिखलात, ओरडत. कॅशियर त्यांच्यामागं पाण्याची बादली घेऊन धावत होता, कारण "बादली!" एवढं एक का होईना, ते त्याच्याशी बोलले होते. गाडीत परत आलेली झाडं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि बाकी सगळे रिकामे डबे. वहिनी गाडीच्या दांडीला टेकून बसल्या होत्या. कोट मांडीवर घेऊन मी त्यांच्याशेजारी.

"आता ह्यो मानूस घरी येतोय व्हय," वहिनी म्हणाल्या, आणि कुणीतरी आणून दिलेली भाकरी त्यांनी माझ्यासाठी मोडली.

शेवटी पेशकार आले. गाडीत डोकावले. मला वाटलं, एवढीच उरली म्हणून काहीतरी म्हणतील.

"बाई, पुढल्या रविवारी लवकर या. शेतात काय न्हाई आता, पण ह्या गल्लीत काम लई हाय."

"मी येणार नाही," मी म्हटलं. "आता नाही म्हणजे नाहीच."

ते ऐकायला पेशकार तिथं थांबलेच नव्हते. समोरच्या घरात कुणीतरी झाडाजवळ शेळी बांधली होती, आणि ती कुणी बांधली, हे ते अख्ख्या गल्लीला विचारत होते.